पाहुणीला पोचवून येतो

नाथाजी मुलासुनेला आणायला निघाला तेव्हा त्याच्या हातात काकवीचा डबा होता. पाच किलोचा, स्टीलचा, कडीचा. झाकणावर त्याच्या बायकोनं, मनुबाईनं, खिळ्यानं कोरलेलं नाव. आपल्या गुऱ्हाळाची पहिली काकवी नातीच्या मास्तरांना द्यायची, एवढं साधं काम होतं. मिरजेच्या स्टेशनवर मीच त्याला गाडीत बसवून दिलं. तारीख बारा फेब्रुवारी, दोन हजार तेवीस. रविवार. गाडीत चढताना तो म्हणाला, "आरं प्रोफेसर, आठ दिसात आलोच सगळ्यास्नी घिऊन. काळजी नगं."

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. परवा रात्री रहिमतपूरच्या आमच्या गच्चीवर ऋषिराज आणि पारसला सांगावी लागली. ऋषिराज माझ्या पुतण्याचा मुलगा. पारस त्याचा सांगलीचा मित्र. दोघं पहाटे चारला समुद्रावर सर्फिंग शिकायला निघणार होते. दुपारी त्यांना आमच्या माळ्यावर एक सर्फिंगची फळी सापडली. मी झोपलो होतो. त्यांनी ती खाली काढली, पुसली, जुनं मेण खरवडलं आणि पाय घसरू नये म्हणून लावतात ते नवं मेण डोक्यापासून शेपटापर्यंत चोळलं. मी जेवून गच्चीवर गेलो तर ती तिथे भिंतीला टेकवून उभी. नव्या मेणाला खोबऱ्यासारखा वास येत होता.

"ही न्यायची नाही," मी म्हणालो.

"का आजोबा? आम्ही नीट परत आणू की."

"खाली बसा. सांगतो."

"भुताची गोष्ट हाय वाटतं," पारस म्हणाला. "आजोबा, तुमी फिजिक्स शिकवलंय ना चाळीस वर्षं?"

"छत्तीस," मी म्हणालो. "म्हणूनच सांगतोय."

नाथाजी माझा शाळेपासूनचा मित्र. सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि इस्लामपूरच्या बाहेर, उसाच्या रानात घर बांधून राहिला. मी तेव्हा गावातच राहायचो, त्याच्या घरापासून चार किलोमीटरवर. सोळा वर्षांचा असताना गुऱ्हाळाच्या चरकात त्याच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धी गेली होती. उजवा हात शाबूत म्हणून फौजेत घेतलं, असं तो हसत सांगायचा. कुठल्या डॉक्टरला काय पटवलं कोण जाणे. बोलायला मोकळा. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला हाक मारून चहा पाजणार. "या की घराकडं" हे वाक्य त्याच्या तोंडून दिवसातून दहादा निघायचं. आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण तो मनापासून म्हणायचा.

त्याचा मुलगा धैर्यशील पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याला दोन वर्षं झोप लागत नव्हती. कंपनीनं घरून काम करायची सवलत दिली तेव्हा बायको रेश्मा आणि अकरा वर्षांची मुलगी संयोगिता, तिला सगळे संयू म्हणतात, यांना घेऊन तो नोव्हेंबरात केरळच्या किनाऱ्यावरच्या एका गावी गेला. गावाचं नाव मी सांगत नाही. मुलीला सर्फिंग शिकवायचं, आपण समुद्राकाठी बसून काम करायचं, महिन्यानं परतायचं. जाण्याआधी तो माझा सल्ला घ्यायला आला होता. मी म्हणालो, जा बाबा, जरूर जा. शाळा काय, पुढेही आहे.

महिन्यानं मेसेज आला, अजून पंधरा दिवस. मग अजून पंधरा. धैर्यशीलला तिथे झोप लागत होती. संयू पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. फोनवर शाळेबद्दल, आजीबद्दल बोलणं थांबलं. फक्त लाटा. मनुबाई रडायला लागली. "आवं भावजी, पोरगी फोनवर आमाला वळखत न्हाई बगा. आवाज लांबनं येतुया तिचा." मी समजावलं. वहिनी, रेंज नसते किनाऱ्यावर.

चौथा महिना लागला तसा नाथाजी उठला. तिथे काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं.

तो पोचला त्या संध्याकाळी धैर्यशील आणि रेश्मा खोलीवर होते. नाथाजी काकवीचा डबा घेऊन सरळ वाळूवर गेला. सूर्य बुडाला होता, उजेड थोडा शिल्लक होता. लांब संयू फळीवर पालथी पडलेली दिसली. शिकणाऱ्या मुलांना लाट पकडता येत नाही, तेव्हा मास्तर मागे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो आणि लाट आली की फळीचं शेपूट धरून पुढे ढकलतो. तशीच एक बाई संयूच्या मागे उभी होती. लाट आली. बाईनं ढकललं. संयू उठून उभी राहिली आणि थेट आजोबाच्या पायापाशी येऊन थांबली.

"कोन गं त्या?"

"त्या मावशी मला ढकलतात, आबा. रोज. सर गेले की येतात."

बाई तशीच पाण्यात उभी. केस ओले. तोंड नीट दिसत नव्हतं. नाथाजीला वाटलं, हीसुद्धा मास्तरीणच. त्यानं वाळूवर डबा ठेवला आणि हात जोडले. मराठी कळेल न कळेल, मोठ्यानं बोलला.

"लेकरावर लय मेहनत घेतलीसा ताई. ही घरची काकवी, तुमच्यासाठी. आन् या की आमच्याकडं एकदा. इस्लामपूर. रस्त्याला लागूनच घर हाय. गुऱ्हाळ चालू हाय तवर या, रस प्यायला. वाट बघतो बगा."

बाईनं मान हलवली.

"मग काय," ऋषिराज म्हणाला, "कोणीतरी केरळची बाई असंल."

मीही तेच म्हणालो होतो. पण तीन दिवसांनी निघताना खरा मास्तर भेटायला आला. पंचविशीचा मुलगा. बाईबद्दल विचारलं तर म्हणाला, आमच्यात बाई कुणी शिकवत नाही. आणि पाच वाजल्यानंतर मी कुणाला पाण्यात राहू देत नाही. मग त्यानं संयूकडे पाहिलं. तिच्यावरची नजर काढून घेतली आणि धैर्यशीलला इंग्रजीत म्हणाला, आजच निघा. नाथाजी वाळूवर जाऊन आला. डबा नव्हता.

संयूनं फळी बरोबर घ्यायचा हट्ट धरला. ती गाडीच्या टपावर बांधताना नाथाजी हाताची घडी घालून उभा राहिला. "त्या फळीला मी हात लावनार न्हाई," म्हणाला. आणि लावला नाही. हे लक्षात ठेवा.

एकोणीस तारखेला, रविवारी, सगळे घरी आले.

सोमवारी सकाळी फाटकाच्या खांबावर काकवीचा डबा होता. मनुबाईनं कोरलेलं नाव. कडीपर्यंत भरलेला. आपल्याकडे कुणी दिलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, काहीतरी घालून देतात. झाकण उघडलं तर आत पाणी. मनुबाईनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

मंगळवारी फाटकापासून अंगणाच्या मध्यापर्यंत मातीत पांढरे डाग दिसले. पावलाएवढे, एकापुढे एक. बुधवारी ते पोर्चच्या पायरीपर्यंत आले.

गुरुवारी दुपारी नाथाजी माझ्याकडे आला. चहा घेतला नाही. सगळं सांगितलं आणि म्हणाला, "तू शिकलेला हाइस. सांग मला काय करू. मीच बोलावलंय रं तिला. नगं येऊ कसं म्हनू?"

तेव्हा मी काय केलं ते ऐका. मी त्याला समजावलं. आपल्या वाळवा तालुक्यातल्या जमिनी पाणी जास्त देऊन क्षारपड झाल्यात, क्षार वर येऊन पांढरे डाग पडतात, तुझ्याही अंगणात ते होणारच. डबा गाडीच्या डिकीतून आला असेल, पोरीनंच पाणी भरलं असेल, गंमत म्हणून. सगळं पटण्यासारखं होतं. मला तर ते पटलंही होतं. अजूनही वाटतं, त्यातलं काय चुकीचं होतं?

तो जाताना म्हणाला, "पोरीचं क्यास रोज सकाळी वलं असत्यात, त्याचं काय?"

मी म्हणालो, घाम येत असेल.

पारस आता हसत नव्हता. ऋषिराजनं पाय आखडून घेतले होते. खाली रस्त्यावर एक ट्रॅक्टर गेला.

त्या रात्री माझा फोन वाजला. गुरुवारची रात्र, म्हणजे खरं तर चोवीस तारीख, शुक्रवार लागला होता. एक वाजून बारा मिनिटं. फोनमध्ये ती नोंद अजून आहे. मी फोन बदलला नाही.

"प्रोफेसर. जागा हाइस?"

"काय झालं?"

"दार वाजतंय."

धैर्यशील आणि रेश्मा त्या दिवशी पुण्याला गेले होते, शाळेत भेटायला. संयूला सोमवारपासून पुन्हा बसवणार होते. घरात नाथाजी, मनुबाई आणि पोरगी.

"कोण आहे विचार."

"इचारलं. बोलत न्हाई. ठोकल्यागत बी न्हाई वाजत. लाटंगत... येतंय, थांबतंय. पुन्ना येतंय."

"संयू कुठे आहे?"

"हितंच. दाराम्होरं उभी हाय. झोपेतच. पायाला ती फळीची दोरी बांधलीया."

फळीला एक दोरी असते, दुसऱ्या टोकाचा पट्टा घोट्याला बांधतात, पडल्यावर फळी वाहून जाऊ नये म्हणून. फळी पोर्चमध्ये होती. दाराबाहेर.

"दोरी दाराखालनं भाईर गेलीया, प्रोफेसर. आन्... ताणलीया."

"पट्टा सोड तिच्या पायाचा."

"तीनदा सोडला. पुन्ना बांधती. डोळं मिटून बांधती रं..." सुभेदार माणूस. त्याचा आवाज फुटला. "सांग ना काय करू. सांग लवकर. ती पुढं सरकाय लागलीया."

मी अंथरुणात बसलो होतो. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. आणि ती भीती मला कबूल करायची नव्हती. एवढ्यासाठी... फक्त एवढ्यासाठी मी म्हणालो,

"नाथा, दार उघड. कुणी नसेल. एकदा डोळ्यांनी बघ. मी फोनवर आहे."

मी म्हणालो. मी. त्यानं मला विचारलं, कारण मी शिकलेला होतो.

कडी काढल्याचा आवाज आला.

मग काही नाही...

मग मला तो आवाज ऐकू आला. इस्लामपुरापासून समुद्र शंभर किलोमीटरवर आहे. जास्तच. लाट वाळूवर येते, पसरते, मागे ओढली जाते... तो आवाज. मी कान दाबून ऐकला. फॅन बंद केला. पुन्हा ऐकला.

आणि मग नाथाजीचा आवाज. वेगळा. पाहुण्यांशी बोलतो तसा.

"या... या. बसा. पानी देऊ?"

...

"व्हय. मीच बोलावलं हुतं."

...

"न्हाई, न्हाई. बोललो ते बोललो. फिरत न्हाई मी."

...

मी "नाथा, नाथा" म्हणत होतो. मग तो बोलला तेव्हा गयावया करत होता. साठ वर्षांत मी त्याला कुणापुढे असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"तिला न्हाई नेता येनार, ताई. लय ल्हान हाय. सोमवारी शाळा हाय तिची. दप्तर भरून ठिवलंय... बगा की. तितं हाय दप्तर."

...

"तुमाला बी लेकरू असंल."

...

"न्हाई?"

...

"आसं करू. आमच्यात पावन्याला रातीचं एकटं धाडत न्हाईत. येशीपातूर पोचवत्यात. मी येतो. मी येतो की पोचवायला. पोरीला सोडा... सोडा तिला."

फटकन काहीतरी सुटल्यासारखा आवाज आला. आणि मनुबाईचं रडणं.

मग नाथाजी अगदी फोनजवळ बोलला. शांतपणे.

"प्रोफेसर, ठिवतो. पावनीला पोचवून येतो."

"नाथा, जाऊ नकोस! नाथा!"

...

मी स्कूटर काढली. चार किलोमीटर. एक वाजून चाळीस मिनिटांनी पोचलो. उशीर झाला, किल्ली सापडत नव्हती. दार सताड उघडं. दिवा चालू. मनुबाई उंबऱ्यावर बसलेली, मांडीवर संयू. पोरगी गाढ झोपेत. केस कोरडे. घोट्याला लाल वळ. पट्टा सुटलेला.

"कुठं गेला?"

"पोचवाय गेल्यात," मनुबाई म्हणाली. "तिसऱ्या बांधापातूर दिसत हुतं. एकटंच हुतं, भावजी. पर... सरकून चालत हुतं. डाव्या अंगाला कुनाला तरी वाट दिल्यागत."

मी टॉर्च घेऊन गेलो. तिसऱ्या बांधावर त्याच्या चपला होत्या. नीट काढून ठेवलेल्या, देवळाबाहेर काढतो तशा. तोंड पश्चिमेकडे.

विहिरी बघितल्या. कालवा बघितला. कृष्णेत पाणबुडे उतरवले. पोलीस म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचं डोकं फिरतं कधीकधी. तीन वर्षं झाली. मनुबाईनं कुंकू पुसलेलं नाही. सोयरेधायरे समजावून थकले. ती एकच म्हणते, "येतो म्हनून गेल्यात न्हवं?"

मी थांबलो. ऋषिराजनं तांब्या पुढे केला.

"आणि पोरगी?" पारसनं विचारलं.

"बरी आहे. नववीत आहे. तिला त्यातलं काही आठवत नाही. घोट्याला वळ आहे अजून."

"मग ही फळी..."

"तीच. त्या रात्री ती अंगणाच्या मध्यात पडली होती, तोंड रस्त्याकडे करून. धैर्यशीलला ती घरात ठेववेना आणि जाळवेना. म्हणाला, काका, तुमच्याकडे असू दे. मी ठेवून घेतली. मला वाटलं, एवढं तरी मी करायला हवं."

"पण आजोबा," ऋषिराज हळूच म्हणाला, "फळीचं काय त्यात? म्हणजे... ती बाई गेली की."

मी त्यांना हे सांगणार नव्हतो. पण पहाटे चारला ते निघणार होते, आणि तरुण मुलं अर्ध्या गोष्टीनं थांबत नाहीत.

"त्या रात्री फळीच्या शेपटाकडे, मेणात, हाताचा ठसा होता," मी म्हणालो. "नाथाजीनं त्या फळीला कधी हात लावला नव्हता. मी म्हणालो, त्या रात्री लावला असेल. बाजूला सारताना. शक्य आहे. मी तो ठसा खरवडून टाकला. सहा महिन्यांनी माळा झाडताना बघितलं तर पुन्हा होता. मी पुन्हा खरवडला. तेव्हा मला वाटलं, पहिल्यांदा नीट निघाला नसेल. माझी नजरही आता चांगली नाही. मी आयुष्यभर मोजमापं शिकवली आणि मला अजून ठरवता येत नाही की मी..."

"आम्ही सगळं मेण काढलं, आजोबा," पारस म्हणाला. "पार तळापर्यंत. गरम पाण्यानं. तवा ठसा-बिसा काय नव्हता. मग नवं लावलं. लावल्यावर शेपटाला कुणी हात लावला नाही. ऋष्यानं वरचं टोक धरलं, मी कापडात गुंडाळून खालचं."

"बघितलंत नंतर?"

ऋषिराज उठून फळीपासून लांब सरकला.

"टॉर्च लाव," मी म्हणालो.

पारसनं मोबाइल काढला. उजेड भिंतीवर नाचला, मग फळीवर आला आणि हळूहळू खाली उतरला. मेण पांढरंशुभ्र, एकसारखं. शेपटापाशी उजेड थांबला.

"आजोबा..."

पंजा होता. डाव्या हाताचा, खोल रुतलेला. अंगठा, मधलं बोट, अनामिका, करंगळी. आणि तर्जनी पेरापर्यंतच.

बोटं फळीच्या तोंडाकडे होती. मागून ढकलताना असतात तशी.